अर्ज आमचा आहे, तो आम्हाला भरू द्या

प्रति,
राज्यातल्या सरकारी आणि निमसरकारी ऑनलाइन पोर्टलांची जबाबदारी सांभाळणारे सर्व अधिकारी,
तसेच ती पोर्टल बांधून देणाऱ्या कंपन्यांचे संचालक आणि प्रोग्रामर

विषय : दिव्यांगांना स्वतःच्या हाताने भरता येतील असे ऑनलाइन अर्ज मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

अर्ज फक्त ऑनलाइन स्वीकारले जातील, टपालाने किंवा समक्ष आलेले अर्ज विचारात घेतले जाणार नाहीत, ही सूचना आता जवळपास प्रत्येक जाहिरातीच्या शेवटी असते. यंदा ती माझ्या विद्यार्थिनींच्या एका शिष्यवृत्तीलाही लागली. कार्यालयात जाऊन कागदी अर्ज देण्याची जी सोय आजवर होती, ती बंद झाली. तशी ती बंद करताना नवे पोर्टल दृष्टिहीन मुलीला वापरता येते का, हे कोणी तपासले असेल असे पोर्टल वापरल्यावर वाटत नाही. म्हणून हे पत्र. कार्यालयाचे नाव मुद्दाम घातलेले नाही, कारण त्या एकाला दुरुस्ती करायला लावून बाकीचे सुटावेत असे मला वाटत नाही.

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे. एका जिल्ह्याच्या गावी दृष्टिहीन मुलामुलींना संगणक शिकवते. ऑनलाइन कारभाराला माझा विरोध असेल असा समज कृपया करून घेऊ नका. कागदाचा अर्ज आम्हाला वाचताही येत नाही आणि भरताही येत नाही, त्यासाठी कायम कोणाचे तरी डोळे उसने घ्यावे लागतात. संगणक आल्यापासून पहिल्यांदाच असे झाले की, आपली माहिती आपण, आपल्या वेळेला, कोणालाही न विचारता भरू शकतो. ऑनलाइन अर्जाची वाट आमच्याइतकी आतुरतेने दुसऱ्या कोणी पाहिली नसेल. तीच वाट पोर्टल बांधताना बंद केली जाते, हे मला मुकाट्याने सोसवत नाही.

आम्ही संगणक कसा वापरतो ते आधी सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकांनी ते कधी पाहिलेले नसते. स्क्रीन रीडर नावाचे सॉफ्टवेअर पडद्यावरचे वाचून दाखवते. आमच्या वर्गात एनव्हीडीए चालते. ऑस्ट्रेलियात मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने 2006 मध्ये ते लिहायला घेतले आणि आजही ते जगभर विनामूल्य मिळते. मोबाईलवर टॉकबॅक आहे. मराठीचा आवाजही दोन्हीकडे आहे. माउस आम्ही वापरत नाही. टॅब दाबत एका रकान्यातून पुढच्या रकान्यात जातो, स्क्रीन रीडर रकान्याचे नाव सांगतो, आम्ही टाइप करतो. माझ्या मुली याच पद्धतीने रोज मेल लिहितात, हिशेबाच्या शीट बनवतात, रेल्वेच्या वेळा शोधतात.

आता त्या शिष्यवृत्तीच्या अर्जाकडे या. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेली माझी एक विद्यार्थिनी तो भरायला बसली होती, मी शेजारी होते. टॅब दाबला की आवाज यायचा, 'एडिट, ब्लँक', म्हणजे रिकामा रकाना. पुन्हा टॅब, पुन्हा 'एडिट, ब्लँक'. पान संपेपर्यंत तेच. पहिला रकाना नावाचा की आडनावाचा? तिसऱ्यात वडिलांचे नाव घालायचे की आईचे? डोळस माणसाला रकान्याच्या शेजारी शब्द लिहिलेला दिसतो. पण कोडमध्ये त्या शब्दाची आणि त्या रकान्याची गाठच मारलेली नव्हती, त्यामुळे स्क्रीन रीडरला तो रकाना निनावी होता. ही गाठ मारायला 'लेबल' नावाचा एक टॅग पुरतो. वेबपान लिहिण्याची एचटीएमएल ही भाषा शिकणाऱ्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात तो टॅग.

तिने क्रमाचा अंदाज बांधत, मागेपुढे जाऊन मजकूर ऐकत रकाने भरले. जन्मतारखेपाशी अडली. तिथे टाइप करायला बंदी होती, कॅलेंडर उघडून तारखेवर क्लिक करायचे होते आणि ते कॅलेंडर कीबोर्डला दादच देत नव्हते. माझ्याकडची सगळी शॉर्टकट वापरून आम्ही ती तारीख कशीबशी बसवली. मग 'पुढे जा' दाबल्यावर काहीच झाले नाही. आवाज नाही, संदेश नाही. चूक झालेल्या रकान्याभोवती लाल चौकट येते, हे नंतर एका डोळस सहकाऱ्याने पाहून सांगितले. रंगाखेरीज दुसरी कोणतीही खूण नव्हती. तीही चूक शोधून सुधारली, आणि शेवटी कॅप्चा आला. स्क्रीन रीडर म्हणाला, 'ग्राफिक'. चित्रातली अक्षरे ओळखून लिहा. ऐकून लिहिण्याचा पर्याय नाही. आम्ही त्यावर विचार करीत होतो तेवढ्यात सेशन संपले आणि भरलेले सगळे पुसले गेले.

ही मुलगी हुशार आहे आणि तिचा टायपिंगचा वेग माझ्याहून जास्त आहे. ती थांबली ती तिच्या डोळ्यांमुळे नव्हे.

पुढे जे झाले त्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. मुदत संपत आली होती. ती बसस्टँडजवळच्या नेट कॅफेत गेली. काउंटरवरच्या अनोळखी माणसाला तिने आधार क्रमांक सांगितला, बँकेचे पासबुक दिले, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र दिले. पासवर्ड त्यानेच ठरवला आणि एका चिठ्ठीवर लिहून दिला, जी चिठ्ठी तिला वाचता येत नाही. मोबाईलवर ओटीपी आला तेव्हा तो तिने चार लोकांदेखत मोठ्याने वाचून दाखवला. त्याने अर्जात काय भरले हे तिला आजही नक्की माहीत नाही. खाते क्रमांकातला एक आकडा चुकला असेल तर तिला ते पैसे न आल्यावर कळणार, आणि तेव्हा अर्जदाराची चूक म्हणून कार्यालय हात वर करणार. अर्जाखाली 'वरील सर्व माहिती मी स्वतः वाचली असून ती खरी आहे' या घोषणेच्या चौकोनातही टिचकी मारलेली आहे. तीही त्याच माणसाने.

तो माणूस सज्जन असेल. आपल्याकडे अशी मदत करणारे पुष्कळ असतात आणि त्यांचे उपकार मी नाकारत नाही. पण बँक, पोलीस आणि सरकार रोज सांगतात की ओटीपी कोणालाही देऊ नका. ही सूचना आम्ही पाळायची कशी? तुमच्या पोर्टलवर दृष्टिहीन माणसाला अर्ज पुरा करायचा असेल तर ती मोडण्यावाचून मार्गच नाही. त्यातही एकट्या मुलीने आपला फोन नंबर, घरचा पत्ता आणि बँकेची माहिती रस्त्यावरच्या दुकानात सोडून येण्यात काय धोका आहे, हे ज्यांच्या घरात मुली आहेत त्यांना सांगायला नको. सेवा केंद्रात जा, तिथे करून देतील, हे उत्तर मला अनेक कार्यालयांतून मिळाले आहे. ते उत्तर मला मान्य नाही. परीक्षेला लेखनिक लागतो तो आम्ही मागतो, नियमाने तो मिळतोही. आपले नाव, जन्मतारीख आणि खाते क्रमांक टाइप करायला मात्र आम्हाला लेखनिक नको आहे.

दुसरी तक्रार मराठी कागदांची. पोर्टलवर सूचना, नियमावली, पात्रता यादी, निकाल सगळे पीडीएफमध्ये असते. यातल्या कित्येक पीडीएफ म्हणजे सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून चढवलेले नुसते चित्र. स्क्रीन रीडर अशी फाईल उघडतो आणि ती रिकामी आहे असे सांगतो. जिथे स्कॅन नसते तिथे बऱ्याचदा जुने फॉन्ट असतात, श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी. छापखान्यांच्या काळात त्यांनी मराठीची मोठी सेवा केली, यात वाद नाही. पण त्यांत 'क' दिसत असला तरी फाईलमध्ये त्या जागी भलतेच इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असते. डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते, कानांना मात्र इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक भेळ ऐकू येते. शासकीय कामकाजात मराठीसाठी युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेत देणारी पद्धत, वापरा, हे शासनानेच वारंवार सांगितलेले आहे. स्कॅन केलेल्या कागदांचा मूळ मजकूर बहुधा युनिकोडमध्ये टाइप झालेला असतो, तो छापून, सही करून, पुन्हा स्कॅन करण्याच्या सवयीने सगळा घोळ होतो. दिव्यांगांच्या सवलतींची परिपत्रकेसुद्धा मला अशीच मिळाली आहेत. चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर काढणारे ओसीआर लावून ती वाचायचा प्रयत्न आम्ही करतो. मजकूर बराचसा निघतो, पण तक्त्यातले आकडे या ओळीतले त्या ओळीत जातात. पात्रता उत्पन्न किती आणि शेवटची तारीख कोणती, नेमके हेच बिनभरवशाचे होते.

याच जातीची एक छोटी गोष्ट. पान मराठीत असते आणि कोडमध्ये त्याची भाषा इंग्रजी म्हणून नोंदलेली असते. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात ते पान वाचायला जातो आणि देवनागरी मजकूर आला की गप्प बसतो किंवा अडखळत राहतो. इंग्रजीच्या 'ईएन' या खुणेच्या जागी मराठीची 'एमआर' ही दोन अक्षरे लिहिली की हे सुटते. मराठीच्या अभिजात दर्जाचा आनंद मलाही झाला, पण मराठी पान मराठी आहे एवढे तरी संगणकाला सांगा.

दृष्टिहीनांचेच सांगत बसले तर इतरांवर अन्याय होईल. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या परिशिष्टात 21 प्रकारची दिव्यांगत्वे आहेत. कर्णबधिर उमेदवाराला अडचण आली तर पोर्टलवर हेल्पलाइन म्हणून फक्त फोन नंबर असतो. अर्ज कसा भरावा याचा व्हिडिओ असतो, त्यात बोललेले पडद्यावर मराठीत लिहून येत नाही. ज्याचे हात थरथरतात त्याला माउसने इवल्या चौकोनावर नेम धरता येत नाही आणि कीबोर्डने तो चौकोन निवडता येत नाही. अंधुक दिसणाऱ्याला पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे वाचता येत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान 4.5 ला 1 असावा, असा साधा नियम त्यासाठी आहे.

आणि चेहरा. प्रज्ञा प्रसून या ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या बाई 2023 मध्ये बँकेत खाते उघडायला गेल्या. ग्राहक जिवंत आहे याची खात्री म्हणून कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटायला सांगितले गेले. हल्ल्यात त्यांचे डोळे आणि चेहरा भाजलेला, पापण्या मिटता येत नव्हत्या, म्हणून केवायसी होईना. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. दृष्टिहीन वकील अमर जैन यांचीही याचिका सोबत होती. 30 एप्रिल 2025 रोजी न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांच्या पीठाने निकाल दिला की, डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. 20 निर्देश दिले. पापण्या मिटण्याला पर्याय द्या, ठरावीक काळाने सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सेवा वापरता येते की नाही याचे, ऑडिट करा, नवी सेवा सुरू करण्याआधी ती दृष्टिहीन व्यक्तींकडून वापरून तपासून घ्या, हे त्या निर्देशांत आहे. हा निकाल बँकांच्या केवायसीपुरता आहे असे म्हणून बाजूला ठेवू नका. जगण्याचा हक्क बँकेच्या दारात सुरू होऊन तिथेच संपत नाही.

कायदा नवा नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने 2007 मध्ये मान्य केला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये आला, एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्याचे कलम 42 माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेविषयी आहे. कलम 46 ने सेवा देणाऱ्यांना, मग ते सरकारी असोत वा खासगी, नियम निघाल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली. नियम जून 2017 मध्ये निघाले. कलम 89 मध्ये दंड आहे, पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत, पुन्हा घडल्यास 50,000 पासून 5 लाखांपर्यंत. डिजिटल सुगम्यतेसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस 17802 हे मानक आहे, सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे 2009 पासून आहेत आणि त्यांची तिसरी आवृत्तीही निघाली. शिवाय 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सुगम्यता ही नुसती शिफारस म्हणून ठेवता येणार नाही, बंधनकारक असे किमान नियम हवेतच, आणि ते करायला केंद्राला तीन महिने दिले. रतुरी स्वतः दृष्टिहीन आहेत. त्यांची मूळ याचिका 2005 ची. एका माणसाला किती वर्षे उभे राहावे लागले ते पाहा.

याच 2016 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान 4 टक्के आणि उच्च शिक्षणात किमान 5 टक्के जागा आमच्यासाठी राखून ठेवल्या आहेत. जागा राखीव ठेवायची आणि तिच्यापर्यंत जाणारा अर्ज भरता येऊ नये असा ठेवायचा, हे एकत्र नांदू शकत नाही.

मला नेहमी दोन उत्तरे मिळतात. एक म्हणजे, असे वापरणारे कितीसे असतात? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजार दिव्यांग नोंदले गेले. त्यात नजर अधू झालेले, हात थरथरणारे आजी-आजोबा सगळे आलेलेही नाहीत, आणि हयातीचा दाखला, पेन्शन, मालमत्ता कर हे त्यांनाही ऑनलाइनच करायचे असते. दुसरे उत्तर खर्चाचे. पोर्टल बांधून झाल्यावर दुरुस्त करायला खर्च येतो, हे खरे आहे. इमारत उभी राहिल्यावर रॅम्प फोडून बसवण्यासारखेच ते. पण लेबल लावणे, भाषा नोंदवणे, चूक काय झाली याचा संदेश शब्दांत देणे, हे बांधतानाच केले तर त्याचा वेगळा खर्च नसतो. संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे डब्ल्यूसीएजी हे जागतिक निकष 1999 पासून सगळ्यांना खुले आहेत. वेळमर्यादा असेल तर ती संपण्याआधी सांगा आणि किमान दहादा वाढवू द्या, इतक्या बारकाईने ते लिहिलेले आहेत.

पानाच्या डोक्यावर 'ए प्लस', 'ए मायनस'ची बटणे आणि स्क्रीन रीडरची माहिती देणारी लिंक असली की काम झाले, असे अनेक निविदांत गृहीत धरलेले दिसते. अलीकडे कोपऱ्यात एक चाकाच्या खुर्चीचे चिन्ह येते, ते दाबले की रंग आणि अक्षरांचा आकार बदलतो. आमच्या संगणकात स्क्रीन रीडर आहेच. त्याला वाचता येईल असे काहीतरी खाली असू द्या. ज्या रकान्याला नाव नाही त्याला त्या चिन्हाने नाव मिळत नाही.

म्हणून मागण्या सांगते.

चित्र ओळखायला लावणारा कॅप्चा काढा. मोबाईलवर ओटीपी घेताच, मग माणूस असल्याची आणखी खात्री कशाला? कॅप्चा ठेवायचाच असेल तर मराठीत स्पष्ट ऐकू येणारा पर्याय त्याच पानावर द्या.

आज चालू असलेल्या प्रत्येक अर्जातल्या प्रत्येक रकान्याला लेबल लावा, तारीख टाइप करू द्या, चूक कोणत्या रकान्यात आणि काय झाली ते शब्दांत सांगा, अर्धवट अर्ज जतन होऊ द्या. यासाठी नवी निविदा लागत नाही, देखभालीचे कंत्राट असतेच.

यापुढे एकही सूचना, परिपत्रक किंवा यादी नुसत्या स्कॅनच्या रूपात चढवू नका. सहीचा कागद हवा तर जोडा, पण त्यासोबत युनिकोड मराठीतला मूळ मजकूर असलाच पाहिजे.

निविदेत आयएस 17802 ची अट घाला, आणि ती अट पुरी झाल्याचा तपासणी अहवाल आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. माझ्या मते बाकी सगळ्यांपेक्षा ही एक मागणी जास्त महत्त्वाची आहे. बिल अडते तिथे काम होते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

तपासणी दिव्यांग व्यक्तींकडून, ठरलेले मानधन देऊन करून घ्या. दृष्टिहीन, कर्णबधिर, हातांची हालचाल मर्यादित असलेले, अंधुक दिसणारे असे सगळे त्यात असावेत. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या केंद्रापासून नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडपर्यंत अनुभवी संस्था राज्यात आहेत. तुमच्या कार्यालयातही दिव्यांग कर्मचारी असतील, त्यांना विचारा.

आणि जोवर पोर्टल सुधारत नाही तोवर दिव्यांग अर्जदारांसाठी कागदी किंवा ईमेलने अर्ज घेण्याची सोय पुन्हा सुरू करा. पोर्टलच्या दोषामुळे ज्यांची मुदत हुकली त्यांना मुदतवाढ द्या. तक्रारीसाठी फोनबरोबर ईमेल आणि संदेशाचा पर्याय ठेवा आणि ती कोण सोडवणार त्या अधिकाऱ्याचे पद पानावर लिहा. आपल्या राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे, पुण्यात आयुक्तालय आहे. कोणत्या कार्यालयाचे पोर्टल सुगम्य आहे आणि कोणाचे नाही, याची यादी त्यांनी दर सहा महिन्यांनी जाहीर करावी, अशी विनंती मी त्यांनाही या पत्रातून करते.

प्रोग्रामर मित्रांनो, तुमच्याकडे एक वेगळे मागणे. एनव्हीडीए उतरवून घ्या, पडदा बंद करा, माउस बाजूला ठेवा आणि तुम्ही बांधलेला अर्ज एकदा पहिल्या रकान्यापासून शेवटच्या बटणापर्यंत भरून पाहा. जिथे अडाल तिथे आम्ही रोज अडतो. काही समजले नाही तर आमच्या वर्गात या. माझ्या विद्यार्थिनी तुमच्यासमोर बसून अर्ज भरतील आणि काय ऐकू येते ते तुम्हाला सांगतील. ज्या शिष्यवृत्तीविषयी मी लिहिले तिचे नूतनीकरण पुढच्या वर्षी आहे. त्याचा अर्ज उघडण्याआधी या दुरुस्त्या झालेल्या असाव्यात, आणि त्या होणार की नाही हे आपण लेखी कळवावे.

आपली,
दृष्टिहीन विद्यार्थ्यांची एक संगणक-शिक्षिका